असईचा हत्ती आणि स्कॉटिश राखीव पलटणी

पलटणींचा इतिहास हा आपल्याकडील संशोधनांत बराचसा उपेक्षित राहिलेला विषय होय. हजिऱ्या, पगारपत्रकें, शस्त्रांच्या याद्या हे कागद संग्राहकांस रुक्ष वाटतात, आणि बखरींस व सनदांस जो मान मिळतो तो त्यांस मिळत नाहीं. तथापि एखादें चिन्ह कोठून निघालें व कोणाच्या हातीं गेलें याचा माग काढूं लागल्यास केवढा प्रवास उलगडतो, हें दाखविण्याकरितां आम्ही येथें असईच्या हत्तीचा वृत्तांत देत आहों.

असई हें सांप्रत जालना जिल्ह्यांतील एक खेडें. केळणा व जुई या नद्यांच्या दुआबांत तारीख २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांशीं आर्थर वेलस्लीची लढाई झाली. या मोहिमेचें मूळ पुण्यांतच आहे. तारीख ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. २० एप्रिल १८०३ रोजीं वेलस्ली पुण्यास पोंचला, व १३ मे रोजीं बाजीराव पुन्हां मसनदीवर बसला. ऑगस्टांत अहमदनगर पडलें. तेथील पेठेवरील हल्ल्यांत ७८ वी हायलंडर पलटण अग्रभागीं होती. असईस तिच्या जोडीला ७४ वी हायलंडर होती.

असईस उजव्या बगलेची तुकडी चुकून थेट गांवाच्या रोखानें गेली व तिच्या मागोमाग ७४ वी शिंद्यांच्या तोफांच्या तोंडीं सांपडली. सुमारें ५०० माणसांपैकीं ४०० च्या आसपास मेलीं वा जखमी झालीं. वेलस्लीचीं एकंदर सुमारें १,६०० माणसें कामास आलीं वा जखमी झालीं, आणि त्यांत निम्म्याहून अधिक हिंदी शिपाई होते. पुढें कंपनी सरकारानें दोन्ही हायलंडर पलटणींस व १९ व्या ड्रॅगून रिसाल्यास मानाचीं निशाणें दिलीं. त्यांवर हत्ती व असईचें नांव आलें.

हा हत्ती पुढें वारशानें चालला. १८८१ सालीं ७१ वी व ७४ वी एकत्र होऊन हायलंड लाइट इन्फन्ट्री झाली. १९५९ सालीं ती रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्सशीं मिळाली, आणि २००६ पासून तो वारसा स्कॉटलंडच्या शाही रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनीकडे आहे. याच वंशाची दुसरी शाखा नागरी राखीव पलटणींची. १९०८ सालीं टेरिटोरियल फोर्स उभारली तेव्हां ग्लासगो शहराच्या पलटणी हायलंड लाइट इन्फन्ट्रीच्या नांवाखालीं आल्या. आठवडाभर कचेरींत वा कारखान्यांत राबावें व फावल्या वेळीं कवाईत करावी, असे हे शिपाई. त्यांपैकीं ५ वी, ६ वी व ७ वी बटालियन १९१५ सालीं ५२ व्या लोलंड डिव्हिजनींतून गॅलिपोलीस लढली. १९६७ च्या पुनर्रचनेंत ५२ वी लोलंड व्हॉलंटियर्स निघाली, व २००६ सालीं ती त्याच शाही रेजिमेंटची सहावी, राखीव बटालियन झाली. ग्लासगोचा कारकून असईच्या मृतांचा वारस ठरतो तो रक्तानें नव्हे, पटावरील नोंदीनें.

आपल्याकडेही हीच रीत आहे. १९४८ च्या कायद्यानें प्रादेशिक सेना स्थापन झाली व ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं तिचें उद्घाटन केलें. पुण्याची १०१ वी व कोल्हापूरची १०९ वी पायदळ बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीशीं संलग्न असून, १७६८ पासूनच्या त्या रेजिमेंटचा वारसा तेथील नागरी शिपायासही पोंचतो. मार्च १९४१ मध्यें एरिट्रियांतील केरेन येथें मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी व हायलंड लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन एकाच ५ व्या हिंदी डिव्हिजनींत लढल्या. ज्या पलटणीनें मराठी दौलतीच्या तोफा अंगावर घेतल्या, तिचे वारस मराठ्यांच्या शेजारीं उभे राहिले!

यावरून असई ही केवळ मराठे व इंग्रज यांची झुंज होती असें समजणें मात्र चुकीचें होईल. शिंद्यांच्या कंपूंत उत्तरेकडील शिपायांचा मोठा भरणा होता व त्यांचा एक प्रमुख सरदार पोलमन हा हॅनोव्हरचा. उलट वेलस्लीच्या बाजूस मद्रासी पलटणी व पेशव्यांचेही स्वार होते. त्या मद्रासी शिपायांच्या वारसांनीं, म्हणजे मद्रास रेजिमेंटनें, हाच हत्ती आपलें चिन्ह म्हणून राखला आहे. अर्थात् हत्ती एकट्या स्कॉटांचा नव्हे.

स्कॉटिश पलटण दरसाल २३ सप्टेंबरास असईचा दिवस पाळते. पराभूत पक्षाच्या शिपायांस मात्र पुढें चालणारी पलटणच उरली नाहीं, म्हणून त्यांचा दिवस पाळणारेंही कोणी नाहीं. त्यांची आठवण राहिली तर ती कागदांतच राहणार. यास्तव आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, जुन्या दप्तरांत कंपूंच्या हजिऱ्या वा पगाराच्या याद्या आढळल्यास त्या रद्दी समजून टाकूं नयेत. ज्याचें निशाण गेलें, त्याचें नांव तरी कागदावर शिल्लक असूं द्यावें.