पिंपातले मीठ

सैनिकाच्या ताटातले जास्तीचे मीठ त्याच्या शरीराने मागितलेले नाही, ते कोठाराने लादलेले आहे. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नौदलाचा शिधा पाहिला की हे पटते. माणशी आठवड्याला 4 पौंड गोमांस आणि 2 पौंड डुकराचे मांस ठरलेले असे, आणि तेही पिंपात मिठात मुरवलेले. महिनोन्‌महिने समुद्रावर मांस टिकवायला याहून भरवशाचा मार्ग नव्हता. ते इतके खारट आणि कडक होई की शिजवण्याआधी लाकडी टबात तासन्‌तास भिजत घालावे लागे. 1810 मध्ये निकोला आपेर या फ्रेंच माणसाने हवाबंद बाटलीत उष्णतेने अन्न टिकवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि 1813 च्या सुमारास ब्रिटिश नौदलात डबाबंद मांस आले. तरीही खारे मांस कित्येक दशके हटले नाही, कारण ते स्वस्त होते आणि यंत्रणेच्या अंगवळणी पडले होते.

यावर कोणी म्हणेल, घाम गाळणाऱ्या जवानाला मीठ लागतेच. खरे आहे, कडक उन्हात मैलोन्‌मैल चालणाऱ्याच्या अंगातून मीठ जाते आणि ते भरून काढावेच लागते. पण पिंपातले मीठ घामाच्या हिशेबाने घातलेले नव्हते, मांस कुजू नये म्हणून घातलेले होते. थंड समुद्रावरच्या खलाशालाही तेच मिळे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. मोहिमेवरच्या जवानाला त्याहून अधिक लागेल तेव्हा ते जरूर द्यावे. छावणीतल्या रोजच्या जेवणात मात्र मीठ शरीराकडे पाहूनच पडावे.