पाठीवरची डार्करूम

डिसेंबर उजाडला की आपल्या फीडमध्ये शिमला-मनालीचा बर्फ पडायला लागतो. मोबाइल काढला, टॅप केलं, झालं काम. पण हाच फोटो १८६० च्या दशकात काढायचा असता तर? आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

सॅम्युअल बोर्न हा नॉटिंगहॅमच्या बँकेतला नोकरदार. नोकरी सोडून १८६३ मध्ये तो भारतात आला. १८६३, १८६४ आणि १८६६ अशा तीन वेळा कॅमेरा घेऊन हिमालयात गेला. शेवटच्या मोहिमेत तो मणिरंग खिंडीत, साधारण १८,६०० फुटांवर पोचला आणि तिथेही फोटो काढले!

आता यातली खरी गंमत, म्हणजे खरं तर ताप, समजून घ्या. तेव्हाची पद्धत होती वेट कोलोडियन. काचेच्या प्लेटवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, प्लेट सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच डेव्हलप करायची. सुकली की प्लेट बाद. म्हणजे जिथे फोटो, तिथेच डार्करूम! शिवाय या प्लेटला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. गडद देवदार नीट यावेत म्हणून जास्त वेळ दिला, तर बर्फ आणि आकाश नुसतं पांढरंफटक. आज आपला फोन एचडीआरमध्ये दोन-चार एक्स्पोजर जोडून हा प्रश्न चुटकीसरशी सोडवतो.

मग तो तंबू, त्या काचा, ती रसायनं वर नेली कोणी? हमालांनी. पहिल्याच मोहिमेत ते तीसच्या आसपास होते. थंडीत, बर्फात, पाठीवर ओझं. काही जण वाटेत ओझं टाकून निघून गेले, तेव्हा आपण काठी घेऊन त्यांच्या मागे गेलो, हे बोर्नने स्वतःच ब्रिटनच्या एका फोटोग्राफी नियतकालिकात लिहिलंय. लपवावं असं त्याला त्यात काही वाटलं नाही!

मला हे फोटो आवडतात, खोटं कशाला बोलू? पण निगेटिव्हवर नाव एकच : बोर्न. ज्यांच्या पाठीवरून ती काच वर गेली, त्यांचं नाव कुठेच नाही.

यंदा बर्फात गेलात, तर सामान वाहणाऱ्या दादांना नाव विचारा. आणि कॅप्शनमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात!