विदोकची स्मरणशक्ती

फ्रान्समधील आरास गावी १७७५ साली जन्मलेला युजीन विदोक तरुणपणी तुरुंगातून पळून जाण्याबद्दलच प्रसिद्ध होता. पुढे तो पोलिसांचा खबऱ्या झाला आणि काही वर्षांतच पॅरिसच्या शोधपथकाचा प्रमुख. त्याचे अनेक सहकारीही शिक्षा भोगून आलेले होते. (चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक!) १८३३ मध्ये त्याने खाजगी शोधसंस्था काढली. जगातील अशा पहिल्या संस्थांपैकी ती एक. लबाडांपासून सावध राहू इच्छिणारे व्यापारी तिचे गिऱ्हाईक होते. पोलिसांना मात्र ती खुपली. १८३७ मध्ये छापा घालून त्यांनी तिची कागदपत्रे जप्त केली.

विदोकचे खरे हत्यार म्हणजे स्मरणशक्ती. एकदा पाहिलेला गुन्हेगार तो विसरत नसे, असे सांगतात. पण स्मरणशक्ती वारसाहक्काने देता येत नाही. १८५७ मध्ये तो वारला, तेव्हा ते सारे चेहरेही गेले. पंचवीस वर्षांनी त्याच शहरात आल्फोन्स बर्तियाँने कैद्यांची डोकी, बोटे, पावले मोजून नोंदपत्रे तयार केली. आता साध्या कारकुनालाही ओळख पटवता येऊ लागली. मापे घेताना मात्र चुका होत. म्हणून मग बोटांचे ठसे आले. ते १०२४ कप्प्यांत लावण्याची पद्धत बसवण्यात कलकत्त्याच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. १८९७ मध्ये तेथे ठशांचे कार्यालय सुरू झाले.