घोटीव कागदाची फुले

घाटकोपरच्या आमच्या चाळीत दर सोमवारी एक पत्र्याचा डबा येत असे. येताना त्यात रंगीत कागदांचे ताव असत, आणि शनिवारी तोच डबा फुलांनी भरून परत जाई. 1990 च्या सुमाराला भेटकार्डांना मोठा उठाव होता. एक व्यापारी कार्डावर चिकटवायची फुले घरोघर करून घेई आणि डझनावर पैसे देई. डागाळलेले फूल हिशेबातून वजा व्हायचे; डाग कशाला म्हणायचे ते मात्र त्याने ठरवायचे. दहावीनंतर मीही आईशेजारी त्या डब्यापाशी बसले, ती पुढे कॉलेजात गेलेच नाही.

फुलाचे तंत्र साधे होते. एकाच आकाराच्या तीन चकत्या, पण मोठी, मधली आणि लहान. खालच्या दोन पाकळ्यांमधल्या फटीवर वरची पाकळी यायला हवी. खळ फक्त मध्यभागी लावायची, आणि मग विणायच्या सुईवर पाकळीची कड वळवायची. आईची कड किंचित डावीकडे वळे.

कागद घोटीव असे. हा शब्द कारखान्यातला नव्हे बरे का! हाताने केलेला कागद सुकला की त्याला खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. पेशवाईतले जुन्नरी आणि दौलताबादी कागद असेच होत. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याने तर धंद्याचे नावच गावाला लावून घेतले. त्या कागदावर तह आणि वतने लिहायची. फुले कातरून उधळण्याइतका कागद स्वस्त झाला तो यंत्रे आल्यावर.

अपवाद एका विलायती विधवेचा. मेरी डिलेनी हे तिचे नाव, जन्म 1700 चा. 1772 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, एका लाल कागदाचा रंग जिरेनियमच्या पाकळीशी जुळतो असे तिच्या ध्यानात आले. तिने पाकळ्या कातरून काळ्या कागदावर थरावर थर चिकटवल्या. मैत्रीण आत आली, तिला ते खरेच फूल वाटले. पुढे दहाएक वर्षांत, दृष्टी साथ देईनाशी होईपर्यंत, बाईने जवळजवळ हजार फुले केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, तिच्या नावासह.

विकत मिळणारे नाताळकार्ड त्यानंतरचे. 1843 साली लंडनच्या हेन्‍री कोल यांनी पत्रे लिहिण्याचा व्याप टाळायला ते छापून घेतले. किंमत एक शिलिंग, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरची. मात्र आमच्या डब्याचे खरे आजोळ अमेरिकेत आहे. वूस्टर गावच्या एस्थर हाउलंडने 1847 नंतर कागदी जाळीखाली रंगीत कागद घालून थरांची प्रेमपत्रे करायला घेतली. भावाने नमुने फिरतीवर नेले. दोनशे डॉलरांच्या मागणीची आशा होती, तो पाच हजारांवर मागणी घेऊन परतला म्हणतात. मग तिने मुली बसवल्या. एकीने कातरायचे, दुसरीने चिकटवायचे. काहींच्या घरी सामान पोचवले जाई. एस्थरचे नाव इतिहासात आहे. त्या मुलींपैकी कोणाचे नाव मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

एकदा स्टेशनजवळच्या दुकानात आईला काचेआड तिचे फूल दिसले. डाव्या वळणावरून तिने ते ओळखले. त्या एका कार्डाची किंमत तिच्या चार डझन फुलांच्या मजुरीएवढी होती. आम्ही तशाच घरी आलो. पुढे मोबाइल आले, कार्डे आटली, डबाही यायचा थांबला.

आता आम्ही मुलुंडला राहतो. मी बालवाडीत शिकवते, रात्री कादंबऱ्या लिहिते. आईला एकाहत्तरावे चालू आहे. परवा मी तिला डिलेनीबाईंचे एक फूल फोनवर दाखवले. तिने चष्मा लावला, चित्र मोठे करून घेतले.

"खालच्या पाकळीला खळ जास्त झालीय," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "डझनाला किती मिळायचे गं हिला?"

"काही नाही. हौसेने करायची."

"असं होय," म्हणून आईने पुन्हा ते फूल जवळ घेतले, आणि पाकळ्या मोजू लागली.