हाड वाढलं की वय वाढलं?

"मणक्याचं हाड वाढलंय" हे वाक्य इथे कोणाकोणाला डॉक्टरांनी ऐकवलंय, असं आम्ही हात वर करून विचारत नाही. आपल्या वयाच्या सभेत हात मोजण्यातच तास जायचा. आज आपण या वाढलेल्या हाडाचा इतिहास बघू, आणि दवाखान्याच्या कागदावर त्याला जो आकडा मिळतो, त्या आकड्याचाही.

डॉक्टरी शब्द आहे ऑस्टिओफाइट. ग्रीकमध्ये 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड आणि 'फायटॉन' म्हणजे रोप. हाडावर उगवलेलं रोप! दोन मणक्यांमधली गादी वयाबरोबर कोरडी पडते, बसते. मग मणक्याच्या कडेवर ताण येतो, तिथे आधी कूर्चा आणि मग हाड तयार होतं. म्हणजे झिजलेल्या जागेला शरीर आपल्या परीने टेकू देत असतं. हा टेकू शिरेच्या वाटेत किंवा मज्जारज्जूवर आला, तर मात्र हातापायाला मुंग्या, कळा, अशक्तपणा सुरू होतो. नाही आला तर माणूस त्यासकट वर्षानुवर्षं सुखाने जगतो, त्याला पत्ताही नसतो. हिलेल नाथन यांनी १९६२ साली ४०० पाठीचे कणे तपासून निबंध लिहिला. चाळिशी गाठलेल्या प्रत्येक कण्यात त्यांना थोडेफार काटे सापडले.

आता प्रत्येकालाच जे होतं त्याला रोग म्हणावं का? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे जॉर्ज कांगीलेम आठवतो. १९४३ च्या प्रबंधात त्याने बजावलं की सरासरी म्हणजे निरोगीपण नव्हे. ते खरंच आहे, पण उलट बाजूही तितकीच खरी: फोटोत दिसलेली प्रत्येक खूण म्हणजे आजार नव्हे.

या खुणेवरून माणसाबद्दल किती सांगता येतं, याचा एक जुना दाखला फ्रान्समधला आहे. १९०८ साली ला शापेल-ओ-सँ इथल्या गुहेत एका निअँडरथल माणसाचा सांगाडा मिळाला. मार्सेलां बूल या पंडिताने त्याचं वर्णन केलं: वाकलेला, गुडघे न सरळ होणारा, जवळजवळ वानर. लोकांच्या डोक्यात निअँडरथल माणूस तसाच बसला. १९५७ मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह यांनी म्हटलं, अहो, याचे मणके आणि सांधे झिजलेले आहेत, हा आजारी माणूस होता, म्हणून वाकलेला वाटला. सगळ्यांना ते पटलं. पण गोष्ट इथे संपत नाही. १९८५ मध्ये एरिक ट्रिंकाउस यांनी दाखवलं की हा संधिवात बूल यांना ठाऊक होता, आणि त्याने त्या माणसाच्या उभं राहण्यात विशेष फरक पडलाही नसता. चूक बूल यांच्या समजुतीत होती. पन्नास वर्षांनी दुसऱ्यांनी तिचं खापर मणक्यावर फोडलं! मणका बिचारा दोन्ही वेळा साक्षीदार.

आता आकड्याकडे येऊ. रोगांची यादी सुरू झाली ती मेलेल्यांसाठी. लंडनचा कापडव्यापारी जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये मृत्यूच्या नोंदी मोजल्या, त्यांत 'वय झालं' हेही मरणाचं एक कारण होतं. पुढे १८५५ मध्ये पॅरिसच्या सांख्यिकी परिषदेपुढे दोन याद्या आल्या, विल्यम फार यांची आणि मार्क देस्पीन यांची. दोघांची तत्त्वं जुळेनात, तेव्हा परिषदेने १३९ नोंदींची तडजोड केली. वर्गीकरणाचा प्रश्न तत्त्वाने न सुटता मतैक्याने सुटला, हे आम्हाला फार बोलकं वाटतं. १८९३ मध्ये झाक बेर्तियाँ यांची यादी स्वीकारली गेली, आणि १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आल्यावर, जिवंत माणसांचे आजारही त्यात आले. पाठदुखीला तिथे घर मिळालं.

दहाव्या आवृत्तीत वाढलेल्या हाडाला 'एम २५.७' हा स्वतंत्र आकडा आहे. अमेरिकेने २०१५ पासून लागू केलेल्या आपल्या आवृत्तीत त्यापुढे अंक जोडून मणक्याचा काटा 'एम २५.७८' केला. पण बहुतेक वेळा फाईलवर येतो तो 'एम ४७', स्पाँडिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज. कारण काटा बहुधा त्या झिजेचाच भाग असतो. या 'एम ४७' ची रचना बघण्यासारखी आहे. हाड किती वाढलं, हे तो विचारत नाही. मज्जारज्जू दबला असेल तर 'एम ४७.१', शीर दबली असेल तर 'एम ४७.२', यांपैकी काही नसेल तर बहुधा 'एम ४७.८'. (कणा ताठ जखडून टाकणारी जी हाडवाढ फोरेस्टिए आणि रोतेस-केरोल यांनी १९५० मध्ये वर्णिली, ती वेगळी, तिचा आकडा 'एम ४८.१'.)

मोजण्यासाठी जन्मलेला हा आकडा आता बिलासाठी वापरला जातो. अमेरिकेत विम्याचे पैसे त्यावर अडतात, आणि आपल्याकडेही विम्याच्या अर्जात तो दिसू लागलाय. आकडा नसेल तर तपासणीचे पैसे कोण देणार? मग नुसत्या वयाच्या खुणेलाही रोगाचं नाव चिकटतं, आणि सत्तरीचा माणूस ते नाव घेऊन घरी येतो, जिना चढायचं सोडतो, प्रवास सोडतो.

अकराव्या आवृत्तीत तर 'म्हातारपण' असाच एक मथळा येणार होता. जगभरातून आक्षेप आले, आणि २०२२ मध्ये ती आवृत्ती लागू होण्याच्या सुमारास त्या जागी 'वयाबरोबर क्षमतेत होणारी घट' असे शब्द घातले गेले. ग्राँटचं 'वय झालं' साडेतीनशे वर्षांनी पुन्हा दारात आलं होतं, ते असं नाव बदलून आत घेतलं गेलं.

तेव्हा फाईलवर 'एम ४७' दिसलं तर डॉक्टरांना टिंबापुढचा आकडा विचारा. आठ असेल तर त्यांनी शीर किंवा रज्जू दबल्याचं लिहिलेलं नाही. एक किंवा दोन असेल, तर कुठल्या मणक्याशी दाब आहे आणि पुढे काय करायचं, हे त्याच बैठकीत विचारून घ्या. आणि हातातली पकड सैल पडत असेल, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर आकडा काहीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.