बालाघाटचे महाविद्यालय आणि बदलती विद्यापीठे

वैनगंगेच्या काठच्या ज्या गावाचे जुने नाव बुढा, ते बालाघाट 1867 साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे मुलूख तोडून रचलेल्या नव्या जिल्ह्याचे सदर ठाणे झाले. परंतु कचेरी, खजिना, तहसील यांच्या मागोमाग विद्या येतेच असे नाही, आणि मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर जबलपूर वा नागपूर गाठणे भाग असे. 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाची हुकूमत या प्रांतावर होती. 1946 साली हरिसिंह गौर यांच्या औदार्याने सागर विद्यापीठ उभे राहिले, 1956 साली जबलपूरचे विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिले.

येथील जटाशंकर त्रिवेदी शासकीय स्नातकोत्तर महाविद्यालय दीर्घकाळ जबलपूरशी संलग्न होते. 2019 नंतर ते छिंदवाड्याच्या नव्या विद्यापीठाकडे गेले. सनदेवरील शिक्का बदलला, वर्गांतील मंडळी तीच राहिली: बैहरकडची गोंड मुले, वाराशिवनीकडची पोवारी बोलणारी, लांजीकडची मराठी जाणणारी. अध्यापन हिंदीत, व्हरांड्यातल्या गप्पांना मात्र असा कोणताही दंडक नाही. लांजीच्या मुलाला सरहद्दीपलीकडचे गोंदिया जवळ; तेथील धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय नागपूर विद्यापीठाचे. एकाच घरातील दोन भाऊ दोन राज्यांच्या परीक्षांना बसू शकतात, हा सरहद्दीचा सोयीस्कर अन्याय मला तरी मनोरंजक वाटतो.