स्पीकर उघडण्याआधी मोजायचं काय? थिएल आणि स्मॉल यांची गोष्ट

एम.एस्सी.ला असताना मी मामांच्या महागड्या स्पीकरचा वूफर बदलला होता. बेस येत नव्हता, म्हणजे वूफरच गेला, असं मी धरून चाललो. नवा बसवला, तरी आवाज तसाच! दोष निघाला क्रॉसओव्हरमधल्या सुटलेल्या सोल्डरिंगमध्ये. मामा काही बोलले नाहीत, पण पैसे त्यांचेच गेले.

मोजायला काय हवं होतं, हे समजायला थोडं मागे जाऊ. 1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी मूव्हिंग कॉइल स्पीकरवर शोधनिबंध मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. पण पेटी केवढी हवी, हे पुढे कित्येक वर्षं बरंचसं अंदाजानेच ठरायचं.

1961 मध्ये ऑस्ट्रेलियातले इंजिनिअर नेव्हिल थिएल यांनी वूफर आणि पेटी मिळून एक विद्युत फिल्टरच आहे, असं मानून गणित मांडलं. निबंध तिथल्याच जर्नलमध्ये छापला गेला आणि बाहेर फारसा कुणी वाचला नाही. सिडनी विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं. 1971 मध्ये थिएल यांचा निबंध ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये पुन्हा छापला गेला. 1972 पासून स्मॉल यांचे निबंधही तिथेच आले. आज वूफरच्या डेटाशीटवर दिसतात ते थिएल-स्मॉल पॅरामीटर्स हेच.

दुरुस्तीत याचा उपयोग काय? कॉइल हलली की ती स्वतःही व्होल्टेज तयार करते. त्यामुळे रेझोनन्सच्या फ्रिक्वेन्सीला इम्पिडन्सच्या आलेखात शिखर दिसतं. कडेचं रबर कडक झालं तर ते वर सरकतं, फोम सैल पडला तर खाली. 8 ओहमच्या वूफरची कॉइल मल्टिमीटरवर साधारण 6 ओहम दाखवते. तुटली असेल तर काहीच दाखवत नाही. मामांच्या स्पीकरच्या टर्मिनलवर वूफरचं शिखर दिसलंच नसतं, पण सुटा मोजलेला वूफर ठणठणीत निघाला असता. म्हणजे दोष मधल्या वाटेत!

शिवाय जोडीतला दुसरा, चांगला स्पीकर तुलनेला हाताशी असतोच. प्रयोगशाळेत आपण त्यालाच कंट्रोल म्हणतो ना?

म्हणून विषय शोधताना दोन गोष्टी करून बघा. जुने, दुर्लक्षित निबंध चाळा. आणि बिघाड सापडला की आधी निरोगी नमुना मोजा; स्क्रू ड्रायव्हर नंतर.